कॉलरमागचा त्रिकोण काय सांगतो?

पांढराशुभ्र शर्ट, त्यावर आमटीचा डाग आणि हाताशी ब्लीचची बाटली. शर्ट पांढराच आहे, मग बिघडणार काय, असा विचार करून अनेक घरांत झाकणभर ब्लीच बादलीत ओतले जाते. डाग निघतो, पण कधी कधी साऱ्या शर्टावरच पिवळट छटा चढते. कॉलरमागे किंवा आतल्या शिवणीत टाचलेल्या लेबलवरील एका लहानशा त्रिकोणाने याची सूचना आधीच दिलेली असते.

लेबलवर साधारणपणे पाच चिन्हे ओळीने असतात. पाण्याचे भांडे धुण्यासाठी, त्रिकोण ब्लीचसाठी, चौकोन वाळवण्यासाठी, पुढे इस्त्री आणि ड्रायक्लीनिंगचे वर्तुळ. १९६३ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या 'गिनेटेक्स' या संघटनेने ही चिन्हभाषा रूढ केली. 'आयएसओ ३७५८' या आंतरराष्ट्रीय मानकातही ती आहे.

त्रिकोण रिकामा असेल, तर कोणतेही ब्लीच चालते. आत दोन तिरप्या रेघा असतील, तर केवळ ऑक्सिजनयुक्त ब्लीच वापरावे, क्लोरिनचे नाही. त्रिकोणावर फुली असेल, तर ब्लीच पूर्णपणे वर्ज्य. जुन्या कपड्यांवर त्रिकोणात 'सीएल' ही रोमन अक्षरे दिसतात. तेथे क्लोरिनचे ब्लीच चालते, असा अर्थ घ्यावा.

खरा घोळ होतो तो या दोन प्रकारांत. बाजारात मिळणारे द्रवरूप ब्लीच बहुधा सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे क्लोरिनचे असते. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम परकार्बोनेट ही ऑक्सिजनयुक्त ब्लीच त्यामानाने सौम्य. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे तंतू. क्लोरिनने ते पिवळे पडतात आणि झिजतात. पैठणीच्या वाटेला ही बाटली जाता कामा नये, ती यासाठीच. ताणल्या जाणाऱ्या कपड्यांतील स्पॅन्डेक्सचे धागेही क्लोरिनने कमकुवत होतात. सुरकुत्या न पडण्यासाठी विशिष्ट प्रक्रिया केलेले सुती कापडसुद्धा पिवळे पडू शकते. म्हणून कापडाचा रंग पाहून निर्णय घेणे फसवे ठरते. शिवाय चिन्ह संपूर्ण कपड्यासाठी असते. पांढऱ्या सुती कुर्त्यावर रंगीत भरतकाम असेल, तर फुली त्या भरतकामासाठीही असू शकते.

फुलीचा आणखी एक अर्थ सहसा ध्यानात येत नाही. धुण्याच्या काही पावडरींतच ऑक्सिजनयुक्त ब्लीच मिसळलेले असते. फुली असलेल्या कपड्याला अशी पावडरही चालत नाही. तेव्हा पुड्यावरील घटक वाचलेले बरे. (नीळ मात्र ब्लीच नव्हे. ती निळसर छटेने पिवळेपणा झाकते, इतकेच.)

हळदीच्या डागासाठी तर बाटली उघडण्याची घाई नकोच. साबण लागताच हा डाग लाल होतो आणि गृहिणी धास्तावते. पण हळदीतील रंगद्रव्य उन्हात टिकत नाही. पांढरा कपडा धुऊन कडक उन्हात वाळत घातला, की डाग बराचसा फिका होतो.

ब्लीच वापरायचेच असेल, तर ते एकटेच वापरावे. डाग लवकर जावा म्हणून त्यात व्हिनेगर किंवा लिंबू घालणे, अथवा संडास साफ करण्याचे ॲसिड त्याच मोरीत ओतणे धोक्याचे आहे. आम्लाशी संयोग होताच त्यातून विषारी क्लोरिन वायू सुटतो आणि कोंदट न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. उग्र वास येऊन डोळे चुरचुरू लागले, तर बादली आवरत न बसता प्रथम मोकळ्या हवेत यावे.