सुटीतली शाळा : इयत्ता विचारू नका, वाचून घ्या



आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. घरात पुस्तकं असली की मूल सुटीतही काहीबाही वाचतं. पण आई धुण्याभांड्याला आणि वडील बांधकामावर, अशा घरात शाळेचं दप्तर टांगलं की वाचनही टांगलं जातं. म्हणून वस्तीत उन्हाळी वर्ग हवेत, हे सगळ्यांना पटतं. प्रश्न आहे तो त्यात करायचं काय, हा.

निवृत्तीनंतर मी एका वस्तीत शिकवायला गेलो आणि पहिली चूक मीच केली. चौथीची मुलं म्हणून चौथीचं पुस्तक उघडलं. एका मुलीनं कविता घडाघडा म्हटली. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तर ती गप्प. कविता पाठ होती, अक्षरओळख नव्हती. नाव आणि वस्तू यांत गल्लत करू नका, असं आयुष्यभर वर्गात सांगणारा मी! 'चौथी' ही पाटी वाचली, समोरचं मूल वाचलं नाही.

१९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेनं यावर साधा उपाय काढला. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला द्यायचं : अक्षर, शब्द, छोटा उतारा, गोष्ट. जिथे अडेल, तो त्याचा गट. मग तिसरीचं मूल आणि पाचवीचं मूल शेजारी बसलं तरी चालेल.

२००८ च्या जूनमध्ये बिहारच्या सरकारी शाळांत याच पद्धतीनं महिनाभराची शिबिरं झाली. शिकवणारे तिथलेच सरकारी शिक्षक. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली. मुलांचं वाचन सुधारलं होतं. मात्र शाळा सुरू असताना शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा फरक पडला नाही. असं का व्हावं? मला दिसतं ते असं : वर्षभर शिक्षकाच्या मानगुटीवर अभ्यासक्रम बसलेला असतो, सुटीत तो उतरतो. म्हणजे दोष शिक्षकाच्या कुवतीत नव्हता.

आता आपल्या नागपूरचं बघू. वेळ सकाळी सात ते नऊ, त्यानंतर ऊन बसू देत नाही. जागा बुद्धविहार किंवा समाजमंदिर, पाण्याचा माठ भरलेला. शिकवायला वस्तीतलीच कॉलेजची मुलं-मुली, एकेकाकडे पंधरा-वीस मुलं. रोज गोष्ट मोठ्यानं वाचायची, तिच्यावर गप्पा मारायच्या, मग बाराखडीचा तक्ता, मग मुलांनी स्वतः दोन ओळी लिहायच्या. गणिताला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन मुलगी आली तर परत पाठवू नका, ती पुन्हा येणार नाही. लग्नासाठी कुणी गावाला जाईल, म्हणून चार आठवड्यांचाच बेत करा. आठवड्याला पुन्हा वाचून घ्या आणि गट बदला. शेवटी हजेरीपट मिरवू नका; किती मुलं अक्षरावरून गोष्टीपर्यंत पोचली, ते सांगा.

एक धोका मात्र राहतोच. जूनअखेर तीच मुलगी पाचवीच्या बाकावर बसेल आणि तिच्यासमोर पाचवीचं पुस्तक येईल. हरियाणात शाळेतच रोज एक तास अशा गटांसाठी राखून ठेवला, तेव्हा वाचनात फायदा दिसला. तसा एक तास आपल्या शाळेत मिळेल का, हे मुख्याध्यापकांना आत्ताच, सुटीआधी जाऊन विचारा. नाहीतर महिनाभरात तिनं जे कमावलं, ते पहिल्या पावसातच वाहून जायचं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.