नांगर कधी उचलायचा?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून माणसे नुकती कुठे अंथरुणाला पाठ टेकत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची जमीन हलली आणि सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या माळवदांखाली गेली. त्या भूकंपाने लातूर-धाराशिवच्या माणसाला एका मिनिटाचीही वर्दी दिली नव्हती. आमच्या अहमदपूरपासून समुद्र सव्वाचारशे किलोमीटरवर. तरीही २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते चक्रीवादळाची हकीकत मी बारकाईने वाचत गेलो, ती या एका फरकामुळे. तौक्तेची चाहूल हवामान खात्याला ११ मेपासून लागली होती. पी-३०५ हा बार्ज बुडाला १७ मे रोजी. मधल्या दिवसांत काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘सागर सम्राट’ या रिगला फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला, सुमारे १६० किलोमीटर आत तेल लागले. २१ मे १९७६ रोजी मुंबई हायमधून उत्पादन सुरू झाले. पुढे हीरा, नीलम, वसई अशी क्षेत्रे आली. तिथला बराचसा तेल-वायू समुद्राच्या तळावरून नळांनी उरणला येतो, तिथे त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा होतो. समुद्रात उभ्या असलेल्या या फलाटांचे, म्हणजे प्लॅटफॉर्मचे, काम ओएनजीसी चालवते. पण वेल्डिंग, नळजोडणी, रंगकाम, जुने लोखंड बदलणे ही कामे कंत्राटदार करतात, आणि ती पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंतच्या उघडिपीत उरकावी लागतात. शेकडो कामगार त्यासाठी महिनोन्‌महिने तरंगत्या बार्जवर राहतात. देशभरातून आलेले वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी, सफाई कामगार. आमच्याकडची आयटीआय झालेली पोरे ‘ऑफशोअरला चाललो’ म्हणतात, तेव्हा ती अशाच एखाद्या बार्जवर जाणार असतात.

वादळ येते तेव्हा प्लॅटफॉर्मचे काय करायचे, याचे शास्त्र चांगले पक्के आहे. विहिरी बंद करायच्या. समुद्रतळाखाली नळीतच बसवलेल्या झडपा वरचे सगळे मोडले तरी तेल वर येऊ देत नाहीत. क्रेन बांधायच्या, सुटे सामान जखडायचे, हेलिकॉप्टर उडू शकते आहे तोवर माणसे काढायची. वारा ठराविक मर्यादेपलीकडे गेला की हेलिकॉप्टरचा मार्ग बंद होतो, म्हणून सगळा हिशेब उलटा मांडावा लागतो: वादळ अमुक वेळी येणार, तर त्याआधी किती तास कोणते काम संपलेले हवे. मेक्सिकोच्या आखातात हे अंगवळणी पडले आहे. २००५ मध्ये कॅटरिना आणि रिटा या दोन वादळांनी तिथले ११३ प्लॅटफॉर्म उद्ध्वस्त केले. प्लॅटफॉर्मवरचा एकही माणूस दगावला नाही, कारण माणसे आधीच किनाऱ्यावर आणलेली होती. लोखंड गेले. लोखंड पुन्हा उभे राहते.

बार्जची गोष्ट निराळी. पी-३०५ ला स्वतःचे इंजिन नव्हते. समुद्रात तो आठ नांगरांवर तोलून धरलेला. जागा बदलायची तर टग बोटीने एकेक नांगर उचलायचा, मग दोर बांधून बार्ज ओढत न्यायचा. तो उभा होता त्या हीरा क्षेत्रापासून मुंबई साधारण ७० किलोमीटर. टग ताशी सात-आठ किलोमीटरने ओढू लागला, तरी नऊ-दहा तास फक्त वाटेत जातात. नांगर काढण्याचा वेळ वेगळा, आणि लाटा वाढल्या की नांगर काढताच येत नाही. म्हणजे वादळाच्या आदल्या दिवशी घेतलेला निर्णय बार्जच्या बाबतीत उशिराचाच. तो दोन-तीन दिवस आधी, आकाश अजून निरभ्र आणि काम जोरात सुरू असताना घ्यावा लागतो. ज्याच्या डोक्यावर कामाची मुदत आहे, त्याला तो घेणे किती अवघड जात असेल, हे कोणालाही समजेल. म्हणूनच तो त्याच्यावर सोडायला नको होता.

पी-३०५ हा डरमास्ट कंपनीचा बार्ज, ओएनजीसीच्या कामासाठी ॲफकॉन्सने भाड्याने घेतलेला. त्यावर २६१ जण होते. ॲफकॉन्सने नंतर निवेदन काढले, की १४ मे रोजी हाती आलेल्या अंदाजात त्या जागेसाठी १६-१७ मेच्या रात्री जास्तीत जास्त ४० नॉट, म्हणजे ताशी साधारण ७५ किलोमीटर वारा सांगितला होता. सर्व जहाजांना सुरक्षित जागी जाण्याची सूचना दिली होती. आणि बार्जच्या कप्तानाने बार्ज प्लॅटफॉर्मपासून २०० मीटर दूर नेऊन तिथेच थांबण्याचे ठरवले. दोनशे मीटर! प्रत्यक्षात १७ मे रोजी तौक्ते अतितीव्र चक्रीवादळ झाले. ते मुंबईपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूरवरून गेले, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वाऱ्याचा झोत नोंदला गेला. खुल्या समुद्रात काय असेल!

१७ तारखेच्या पहाटेपर्यंत नांगर सुटले. भरकटलेला बार्ज एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळला, बुडाला भोक पडले, पाणी आत शिरत राहिले. वाचलेल्यांनी सांगितले, की बरेच तराफे फाटके निघाले. संध्याकाळी बार्ज बुडाला. लाइफ जॅकेट घातलेली माणसे एकमेकांचे हात धरून रात्रभर लाटांवर राहिली.

आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि पाठोपाठ गेलेल्या नौदलाच्या इतर जहाजांनी त्या समुद्रातून १८६ जणांना जिवंत उचलले. जिथे जहाज जागेवर धरणेही कठीण, तिथे हे केले. या कामाला मनापासून सलाम. त्याच वादळात बुडालेल्या ‘वरप्रदा’ या टगवरच्या १३ पैकी दोघेच वाचले. दोन्ही मिळून मृतांचा आकडा ८६. काही मृतदेह रायगडच्या आणि थेट वलसाडच्या किनाऱ्याला लागले. ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. त्याच वादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा १३७ जणांचा बार्ज पालघरच्या किनाऱ्यावर येऊन रुतला, ‘सपोर्ट स्टेशन-३’ आणि १०१ जण असलेले ‘सागर भूषण’ भरकटत गुजरातकडे गेले. तिथली माणसे वाचली. मात्र एकाच वेळी चार ठिकाणी तेच घडले, याला एका कप्तानाची चूक म्हणून कसे सोडून देता येईल?

बार्ज एकाचा, भाड्याने घेतलेला दुसऱ्याने, काम तिसऱ्याचे, कामगार अनेकदा चौथ्या-पाचव्या उपकंत्राटदाराचे. प्लॅटफॉर्मची सुरक्षा तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाच्या कक्षेत, तर जहाज नौवहन महासंचालनालयाच्या. या दोन कक्षांच्या सांध्यावर कामगार झोपतो. २७ जुलै २००५ ला, मुंबई महापुरात असताना, मुंबई हायच्या उत्तर भागात ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज प्लॅटफॉर्मच्या नळावर आदळले. बोटे कापलेल्या एका स्वयंपाक्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर पोचवण्याच्या खटपटीत, खवळलेल्या समुद्रात हे घडले. आग लागली, दोन तासांत प्लॅटफॉर्म गेला, २२ जण गेले, ३६२ वाचले. त्यानंतर २००८ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू कामांसाठी सुरक्षा नियम आले. ते आवश्यकच होते. पण तेव्हाही जहाजानेच प्लॅटफॉर्मला गाठले होते, आणि सोळा वर्षांनी धोका पुन्हा त्याच सांध्यावर उभा राहिला.

पी-३०५ नंतर पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या समितीत नौवहन महासंचालक आणि हायड्रोकार्बन महासंचालक दोघेही होते. दुर्घटनेनंतर जे एका टेबलाशी बसले, त्यांनी ११ मे रोजीही एका टेबलाशी बसायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

असे होऊ शकते, याचा दाखला आहे. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातकडे निघाले. १५ जूनला ते जखाऊजवळ किनाऱ्याला धडकले. त्याच्या दोन-तीन दिवस आधी तटरक्षक दलाने द्वारका-ओखासमोरच्या ‘की सिंगापूर’ या रिगवरच्या सगळ्या ५० जणांना हेलिकॉप्टरने उतरवून किनाऱ्यावर आणले, काहींना रात्री, उरलेल्यांना दुसऱ्या सकाळी. वारा तेव्हाही सोसाट्याचाच होता. एकही जीव गेला नाही, त्यामुळे ही बातमी दोन दिवसांत विसरली गेली.

अरबी समुद्र तापतो आहे. २०१९ या एका वर्षात त्यात पाच चक्रीवादळे झाली, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग रायगडात शिरले, पुढच्या मेमध्ये तौक्ते. मे महिना हा कंत्राटदारांच्या घाईचा, तोच वादळांचाही. म्हणून बार्ज बंदरात आणण्याची तारीख आणि वाऱ्याची मर्यादा करारातच लिहिलेली असावी. ती ओलांडली की नांगर उचलण्याचा हुकूम किनाऱ्यावरच्या एका अधिकाऱ्याने द्यावा, त्याचे नाव बार्जवरच्या प्रत्येकाला ठाऊक असावे, आणि वाया गेलेल्या दिवसांचे पैसे कंत्राटदाराला मिळावेत. पैसे मिळत नाहीत तोवर तो थांबूनच बघणार. आमच्याकडून ऑफशोअरला निघालेल्या पोरांनीही चढण्याआधी मुकादमाला तीन गोष्टी विचाराव्यात: तराफे शेवटचे कधी तपासले, या बार्जला ओढणारा टग कुठे उभा असतो, आणि वादळाची खबर आली तर परत फिरायचे कोण ठरवतो.