नेट गेलं म्हणून प्रोग्रॅमिंग अडत नाही

संगणकशास्त्र शिकायला बनारसला गेलेली मराठी मुलं असोत, नाहीतर नांदेड-साताऱ्याच्या डिप्लोमातली, एक वाक्य सगळीकडे सारखंच ऐकू येतं : ‘सर, नेट गेलंय, आज प्रॅक्टिकल होणार नाही.’ संगणक सुरू असतो, कंपायलर जागेवर असतो, तरी मुलं कॅन्टीनकडे निघतात. नेट जाणारच, त्याबद्दल तक्रार नाही. या वाक्यामागच्या समजुतीबद्दल मात्र आहे, कारण ती शिकवणाऱ्यांनीच पोसलेली आहे.

गैरसमज : प्रोग्रॅमिंगची माहिती इंटरनेटवर असते, नेट गेलं की माहितीही गेली.

वस्तुस्थिती : नवशिक्याला लागणारी बहुतेक माहिती त्याच्या संगणकातच असते. पायथन बसवलं की त्यासोबत मदतीचा मजकूरही येतो. ‘हेल्प’ लिहून कंसात फंक्शनचं नाव द्या, माहिती समोर येते. ‘पायडॉक’ हे पायथनसोबतच येणारं साधन तीच माहिती ब्राउझरमध्ये पानं करून दाखवतं आणि तेही तुमच्याच संगणकावरून. संपूर्ण अधिकृत माहितीपुस्तिका एकदाच फुकट उतरवून ठेवता येते.

नवशिक्यांची एक ठरलेली चूक घ्या. यादी क्रमाने लावण्यासाठी ‘सॉर्ट’ वापरायचं आणि त्याचा निकाल पुन्हा त्याच नावात साठवायचा. यादी नाहीशी होते, हातात ‘नन’ उरतं. मग शोध सुरू : तीन व्हिडिओ, दोन ब्लॉग, एका अनोळखी माणसाचं उत्तर. ‘हेल्प’ला विचारलं असतं तर पहिल्या काही ओळींतच कळलं असतं की सॉर्ट मूळ यादीच बदलतं आणि ‘नन’ परत देतं. नवी यादी हवी असेल तर ‘सॉर्टेड’ वापरायचं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण ते करायला कुणी शिकवलेलंच नसतं.

सी शिकणाऱ्यांची तऱ्हा वेगळी नाही. लिनक्सवर मॅन्युअलची पानं दाखवणारी ‘मॅन’ ही आज्ञा आहे आणि ही परंपरा जुन्या युनिक्सची आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ची. तेव्हा वेब नव्हतं, तरी लोक प्रोग्रॅम लिहीतच होते. या मॅन्युअलचे भाग क्रमांकाने ओळखले जातात : १ मध्ये आज्ञा, २ मध्ये सिस्टिम कॉल, ३ मध्ये लायब्ररीतली फंक्शनं. नुसतं ‘मॅन प्रिंटएफ’ लिहिलं तर टर्मिनलमधल्या आज्ञेची माहिती मिळते. सी मधलं फंक्शन हवं असेल तर मध्ये ३ हा आकडा घालावा लागतो. एवढं न सांगता विद्यार्थ्याला मॅन्युअलसमोर बसवायचं आणि मग ‘मुलांना मॅन्युअल झेपत नाही’ म्हणायचं, ही शुद्ध अन्यायाची गोष्ट आहे. उबंटूवर सी ची ही पानं ‘मॅनपेजेस-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. नेट असताना ते एकदा बसवलं की पुढे नेट लागत नाही.

‘पण फंक्शनचं नावच माहीत नसेल तर?’ हा प्रश्न रास्त आहे. ‘मॅन’ला ‘के’ हा पर्याय जोडला की विषयाच्या शब्दावरून शोधता येतं. पायडॉकलाही तोच पर्याय आहे, पण तो फक्त मॉड्यूलांच्या एका ओळीच्या ओळखीत शोधतो. म्हणजे ऑफलाइन शोधाला मर्यादा आहे. नाव माहीत असेल तर ऑफलाइन मदत झटपट मिळते. नुसता प्रश्न माहीत असेल तर नेटवर जावं, नाव शोधावं आणि त्याचे बारकावे पुन्हा आपल्या संगणकावर वाचावेत.

‘आमच्या कॉलेजात फायबर आहे, आम्हाला याची काय गरज?’ असंही ऐकावं लागतं. त्यांच्यासाठी बनारसचंच उदाहरण. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतला पहिला महासंगणक ‘परम शिवाय’ फेब्रुवारी २०१९ मध्ये आयआयटी-बीएचयूमध्ये सुरू झाला. त्याची क्षमता ८३३ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ८३३ लाख कोटी गणिती क्रिया. तो उभारला पुण्याच्या सी-डॅकने. अशा महासंगणकांवर आपण टर्मिनलमधून शिरतो, आपलं काम रांगेत लावतो आणि ते ज्या नोडवर चालतं तिथून बाहेरचं इंटरनेट सहसा उघडं नसतं. तिथे टर्मिनलमधली मदतच हाताशी असते. कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती बसवली आहे, हे गूगल सांगणार नाही. ते त्या यंत्रालाच विचारावं लागतं.

आवृत्तीचा मुद्दा घरच्या लॅपटॉपलाही लागू आहे. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, पण त्या काळातली उत्तरं नेटवर अजून जिवंत आहेत. कंसाविना लिहिलेला ‘प्रिंट’ उतरवून घ्यायचा आणि चूक आली की पायथनला दोष द्यायचा, हे नेहमीचंच. संगणकातली मदत मात्र बसवलेल्या आवृत्तीचीच असते.

‘कुठूनही घेतलेला कोड चालला की झालं’ म्हणणाऱ्यांसाठी २०१६चा एक अभ्यास. यासेमिन अकार आणि सहकाऱ्यांनी ५४ अँड्रॉइड प्रोग्रॅमरांचे गट करून सुरक्षेशी संबंधित कामं दिली. एका गटाला फक्त स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ, एकाला फक्त अधिकृत डॉक्युमेंटेशन, एकाला फक्त पुस्तकं, एकाला हवं ते. फक्त स्टॅक ओव्हरफ्लो वापरणाऱ्यांचा कोड डॉक्युमेंटेशन किंवा पुस्तकं वापरणाऱ्यांपेक्षा कमी सुरक्षित निघाला. उलट, चालणारा कोड देण्यात डॉक्युमेंटेशनवाले स्टॅक ओव्हरफ्लोवाल्यांच्या मागे पडले. निष्कर्ष दोन्ही बाजूंना टोचणारा आहे आणि म्हणूनच दोन्ही सवयी शिकवायला हव्यात.

आणखी काही समजुती, थोडक्यात

*‘आता एआय आहे, डॉक्युमेंटेशन कशाला?’* पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या ५१७ प्रश्नांची चॅटजीपीटीने दिलेली उत्तरं तपासली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५२ टक्के उत्तरांत चुकीची माहिती होती. नंतरची मॉडेलं सुधारली असतील, पण उत्तर पडताळायचं कशावर, हा प्रश्न तसाच राहतो.

*‘खरे प्रोग्रॅमर सगळं पाठ ठेवतात.’* आयसीपीसी या विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या जागतिक अंतिम फेरीत इंटरनेट नसतं, पण भाषांचं डॉक्युमेंटेशन स्पर्धकांच्या संगणकावर दिलेलं असतं.

*‘ऑफलाइन मदत फक्त पायथनला आहे.’* गो भाषेला ‘गो डॉक’ आहे, रस्टला ‘रस्टअप डॉक’ आहे. अनेक भाषांच्या पुस्तिका एकत्र ठेवायच्या तर ‘झील’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे.

*‘मराठीत काहीच नाही.’* आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स, सी, पायथनचे छोटे व्हिडिओ मराठीत आहेत आणि ते उतरवून घेऊन नेटशिवाय पाहता येतात.

*‘मग ऑनलाइन वाचूच नये?’* वाचावं. सुरक्षेच्या सूचना आणि नव्या लायब्ररींचे बदल तिथेच आधी येतात. फक्त पानावरची आवृत्ती आधी पाहावी.

शिकवणाऱ्यांना एकच विनंती : पहिल्या महिन्यात एक प्रॅक्टिकल नेट मुद्दाम बंद ठेवून घ्या. क्रम फळ्यावर लिहा : आधी एरर संदेशाची शेवटची ओळ, मग संगणकातली मदत, मग अधिकृत संकेतस्थळ, सगळ्यात शेवटी इतरांची उत्तरं. हा क्रम अंगवळणी पडलेला विद्यार्थी नेट असतानाही चांगला शोधतो. बाकीच्यांना नेट असूनही नेमकं काय शोधायचं, हे कळत नाही.