यकृतातून सूचना आलीय!

तुझ्या करंगळीच्या टोकाकडे जरा बघ. काही दिसतंय? नाही ना! पण तिथे आत्ता, या क्षणाला, एक रांग चाललीय. तांबड्या रक्तपेशींची रांग! शाळेत खिचडीसाठी लागते ना, तशी. एकामागे एक.

हृदयातून रक्त निघतं तेव्हा मात्र रांगबिंग काही नसते. मधल्या सुट्टीची घंटा झाली की जिन्यात कशी झुंबड उडते? अगदी तसंच! हा जिना म्हणजे धमनी. जाड भिंतीची, धक्के सोसणारी. पुढे तिला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे, आणि शेवटी येतात केशवाहिन्या.

त्या किती अरुंद असतात, सांगू? एका मिलिमीटरचे हजार भाग कर. त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोमीटर. तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते. आणि काही केशवाहिन्या फक्त ५! मग पेशी जाते कशी? अंग दुमडून! इथेच तिचा वेग मंदावतो. प्राणवायू वाटून होतो. मग ती निवांतपणे शिरेत उतरते आणि हृदयाकडे परत निघते. शिरेची भिंत पातळ असते. तिला कुठे धक्के खायचेत?

आता खरी गंमत. या सगळ्या नळ्यांना आतून अस्तर असतं, चपट्या पेशींचं. आपण त्यांना अस्तरपेशी म्हणू. केशवाहिनीची भिंत तर जवळजवळ यांचीच, एका पेशीइतकी जाड! आणि ओळख पाहू, या पेशी जागच्या जागी बसून राहतात का?

मुळीच नाही! नळ्या वाढत असतात तेव्हा त्या सरपटतात. तेही कुठल्या दिशेने? रक्त इकडून तिकडे वाहतं, तर या तिकडून इकडे! प्रवाहाच्या चक्क उलट!

मग त्यांना थांबवतं कोण? “झालं बांधकाम, आता गप्प बसा” असं कोण सांगतं?

शाळेत शिपाईकाका सूचना वही घेऊन वर्गावर्गात फिरतात ना? शरीरातही अशी सूचना फिरते. ती मुख्यतः यकृतातून निघते! तिचं नाव बीएमपी-९. हे एक प्रथिन आहे. रक्त ते घेऊन गावभर हिंडतं. अस्तरपेशीच्या दाराशी दोन प्रथिनं उभीच असतात. एंडोग्लिन सूचना झेलतं, अल्क-१ ती वाचतं. मग स्मॅड नावाची प्रथिनं निरोप घेऊन थेट पेशीच्या केंद्रकात पळतात. पेशी शांत होते. पोटात बसलेलं यकृत करंगळीतल्या पेशीला शिस्त लावतं! मला तर ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

पण दारातली माणसंच कमी पडली तर?

काही घरांत असं होतं. या आजाराचं नाव आहे हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया. हुश्श! डॉक्टरसुद्धा नुसतं एचएचटी म्हणतात. साधारण ५००० माणसांत एकाला तो असतो. १८९६ साली फ्रान्समधल्या आंरी रांद्यू या डॉक्टरांपुढे एक कोडं होतं. पेशंटचं नाक सारखं फुटायचं. मग हा हिमोफिलिया असेल का? म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार? रांद्यू म्हणाले, नाही, हा आजार वेगळाच आहे. बरोबर होतं त्यांचं! या माणसांचं रक्त गोठतं. बिघाड असतो नळीत.

काय बिघाड? मधली केशवाहिन्यांची रांगच गायब! जिना थेट शिरेत उघडतो. सगळी झुंबड त्या पातळ भिंतीवर आदळते. शीर फुगते, वेडीवाकडी होते. ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर लाल ठिपके दिसतात. दाबले की फिके पडतात, बोट काढलं की पुन्हा लाल! नाकातलं अस्तर नाजूक असतं, म्हणून तिथून रक्त पटकन येतं. कधी फुप्फुसातही अशी थेट वाट तयार होते. मग डॉक्टर मांडीजवळच्या शिरेतून बारीक नळी पार तिथपर्यंत नेतात आणि वाट बुजवून टाकतात!

थांब, घाबरू नकोस हं! कधीतरी घोळणा फुटला म्हणजे एचएचटी झाला असं नाही. बऱ्याच मुलांचा फुटतो. तेव्हा डोकं मागे टाकायचं नाही. पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा आणि मोठ्यांना हाक मारायची.

दाराशी एंडोग्लिन नसलं की अस्तरपेशी कशा वागतात, हे शास्त्रज्ञांनी पाहिलं कुठे? एका माशाच्या अंगात! झेब्रा मासा, आपल्या भारतातल्या ओढ्या-नद्यांत राहणारा, तुझ्या बोटाहूनही छोटा. त्याचं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं, त्यामुळे वाहतं रक्त जिवंतपणीच बघता येतं. २०१७ मध्ये एंडोग्लिन नसलेली अशी पिल्लं तपासली. रक्ताचा जोर वाढला की अस्तरपेशींनी आटोपशीर व्हायचं असतं. या मात्र फुगत गेल्या आणि नळी रुंद झाली!

आता एक कोडं. एंडोग्लिन कसं बनवायचं हे जनुकात लिहिलेलं असतं. जवळजवळ प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बाबांची. एचएचटीच्या बऱ्याच घरांत यातली एक प्रत चुकलेली असते. १९९४ साली ही चूक सापडली. दोन वर्षांनी अल्क-१ च्या जनुकातलीही सापडली. आई किंवा बाबांना एचएचटी असेल, तर ती चुकलेली प्रत मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. क्रिकेटच्या टॉसइतकीच!

पण ही चूक तर अंगातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत असते. मग ठिपके मोजक्याच जागी का? सगळीकडे का नाहीत?

कर बरं विचार!

२०१९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे लाल ठिपकेच तपासायला घेतले. काही ठिपक्यांत काय सापडलं असेल? तिथल्या थोड्याशा पेशींत दुसरी, चांगली प्रतसुद्धा बिघडलेली होती! ही चूक ना आईकडून आली होती, ना बाबांकडून. ती त्या जागीच, नंतर कधीतरी झाली होती. म्हणून पुढे मुलाबाळांकडे जाते ती पहिली चूक. दुसरी त्या ठिपक्यातच राहते!