पिवळा आहे, पण कोणता?

अर्जुनी मोरगावकडे बोडी खणताना किंवा गाढवी नदीच्या रेतीत पिवळी चमकी दिसली की सोन्याची चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा ते कुजत आलेलं काळं अभ्रक असतं. टाचणीने टोचून पाहावं. पापुद्रे सुटले तर अभ्रक. चुरा झाला आणि फरशीच्या खरखरीत पाठीवर घासल्यावर काळी रेघ उमटली तर पायराइट. इथवर सोपं आहे. पॉवेलाइटसारखं दुर्मीळ पिवळं खनिज ओळखायचं तर जास्त चिकाटी लागते.

पॉवेलाइट अर्जुनीत मिळेल अशी आशा धरू नये. इथला खडक दोनशे कोटी वर्षांहून जुना आहे. पॉवेलाइटचे नावाजलेले स्फटिक निघाले ते नाशिकजवळच्या, पांडवलेण्यांच्या परिसरातल्या दगडखाणींतून, आणि तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. खनिजाचं पहिलं वर्णन मात्र १८९१ साली अमेरिकेतल्या आयडाहोच्या नमुन्यावरून झालं. ग्रँड कॅन्यनमधून होड्या नेणारे भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांचं नाव त्याला दिलं गेलं.

रसायनाच्या भाषेत हे कॅल्शियम मॉलिब्डेट. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत स्टिलबाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट वाढवले. कॅल्शियमला तोटा नव्हता. मॉलिब्डेनम मात्र बेसाल्टमध्ये दहा लाख भागांत एखाद-दोन भागच असतं. ते पाण्यात उतरून एका पोकळीत गोळा होणं हाच दुर्मीळ योग.

आता ओळख. रंगावर जाऊ नका, कारण त्याच पोकळीत कॅल्साइट पिवळं असतं आणि स्टिलबाइटही मधाळ असू शकतं. चाकूने ओरखडा काढण्यातही अर्थ नाही. तिन्ही मऊ, तिघांवर चाकू चालतो, नमुना मात्र वाया जातो. आधी आकार पाहावा. दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत तसा पॉवेलाइटचा स्फटिक दिसतो आणि त्याची चकाकी हिऱ्याच्या जातीची असते. स्टिलबाइट मोत्यासारखं चमकतं आणि त्याचे स्फटिक बहुधा पेंढीसारखे मधे आवळलेले असतात. कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की लगेच फेस येतो. पॉवेलाइटवर येत नाही.

स्फटिक सुटा असेल तर वजनाइतकी भरवशाची खूण नाही. सोनाराकडे असतो तसा डिजिटल काटा घ्या. समजा, कोरडा स्फटिक १७ ग्रॅम भरला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि स्फटिक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा; तो तळाला टेकू देऊ नका. आता काटा दाखवेल ते बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. ते ४ ग्रॅम आलं तर १७ भागिले ४, म्हणजे ४.२५. हीच पॉवेलाइटची घनता. तेवढ्याच वजनाचं कॅल्साइट साधारण ६.३ ग्रॅम दाखवेल, म्हणजे घनता २.७. स्टिलबाइट त्याहूनही हलकं. स्फटिक दगडाला चिकटलेला असेल तर हा हिशेब फसतो.

तेव्हा दिवा कामाला येतो. अंधारात २५४ नॅनोमीटरचा, म्हणजे आखूड तरंगलांबीचा अतिनील दिवा धरला की पॉवेलाइट मलईदार पिवळा उजळतो. नोटा तपासायचा दिवा सहसा लांब तरंगलांबीचा असतो, त्यावर विसंबू नये. आखूड तरंगांनी डोळ्यांना इजा होते, म्हणून अतिनील किरण अडवणारा चष्मा हवाच. काही कॅल्साइटही उजळतं, त्यामुळे नुसत्या उजेडावर निकाल देऊ नये; आकार आणि आम्ल यांचीही साक्ष काढावी.

अर्जुनीच्या वाचकाने आणखी एक नाव लक्षात ठेवावं: शीलाइट. रचना पॉवेलाइटचीच, फक्त मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना भागात टंगस्टनची खनिजं सापडली, ती साकोली गटाच्या खडकांत, आणि ज्या साकोलीवरून या गटाला नाव मिळालं ते अर्जुनीपासून फार लांब नाही. शीलाइट पिवळसर असू शकतं, पण त्याची घनता सहाच्या घरात असते आणि त्याच दिव्याखाली ते निळसर पांढरं दिसतं. मॉलिब्डेनम मिसळलं तर उजेड पिवळ्याकडे झुकतो. म्हणून या भागात एखादा जड दगड दिव्याखाली पिवळा उजळला, तर पॉवेलाइट म्हणण्याआधी पाण्यातलं वजन करून पाहावं.