घर भाड्याने देताना : नोटरीचा कागद आणि अकरा महिने

आज डिपॉझिटबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. डोंबिवलीच्या एका वाचकांनी त्यांच्या भाडेकराराची प्रत पाठवली आहे आणि ती वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. भाडेकरूच्या आधीच्या मालकाला फोन कसा करावा, काय विचारावं, हे आपण गेल्या खेपेला पाहिलं. या वाचकांनी ते सगळं नीट केलं होतं. माणूस पारखूनच घेतला होता. कागद मात्र पारखला नाही.

पाचशे रुपयांचा मुद्रांक, त्याला जोडलेली टाइप केलेली तीन पानं, शेवटी नोटरीचा गोल शिक्का. मुदत अकरा महिने, भाडं दरमहा अठरा हजार. सुरुवातीची तारीख पेनने भरलेली, क्षेत्रफळाची जागा कोरी. सामानाची यादी म्हणजे ‘पंखे, ट्यूब, गीझर इ.’ एवढंच. मुदत संपून चार महिने झाले तरी भाडेकरू हलत नाही. वर त्याचं म्हणणं असं, की तोंडी बोलणी तीन वर्षांची झाली होती आणि भाडं बारा हजारच ठरलं होतं. वरचे सहा हजार मागाहून लादले. वाचक विचारतात, ‘सही त्याची आहे, मुदत स्पष्ट लिहिली आहे, मग प्रश्न येतोच कुठे?’

येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातलं कलम ५५ सांगतं, की घर भाड्याने द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीवर द्या, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. ती पार पाडली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मला शिक्षेपेक्षा त्याच कलमातलं दुसरं पोटकलम जास्त महत्त्वाचं वाटतं. करार नोंदवलेला नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे डोंबिवलीच्या भाडेकरूने ‘तीन वर्षं, बारा हजार’ म्हटलं की खोडून काढण्याचं ओझं आमच्या वाचकांच्या खांद्यावर. नोटरी फक्त एवढंच सांगतो, की या माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधकाकडे तो कागद गेलेलाच नाही.

‘अकरा महिन्यांचं आहे, नोंदणी लागत नाही,’ हे वाक्य एजंटपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे म्हणतात. त्याचा उगम १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. वर्षाच्या आत राहिलं की सुटका, म्हणून अकरा महिने. देशात इतरत्र या हिशेबाला काही अर्थ असेल. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० ला नवा भाडे कायदा लागू झाला आणि हा अर्थ संपला. कलम ५५ मध्ये मुदतीची अटच नाही. घर एका महिन्यासाठी दिलंत तरी नोंदणी हवी.

तरी अकरा महिने आपल्या हाडीमाशी भिनलेत, कारण मुंबई-पुण्याच्या जुन्या मालकांच्या मनात १९७३ अजून ताजं आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. त्यातून वाट काढायला मालकांनी घरं ‘भाड्याने’ न देता लायसन्सवर द्यायला सुरुवात केली. मग कायद्यात दुरुस्ती झाली. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी ज्यांचं लायसन्स चालू होतं आणि जे घरात राहत होते, ते संरक्षित भाडेकरू ठरले. काही महिन्यांसाठी दिलेलं घर कायमचं गेलं. त्या धसक्याने लोकांनी घरं कुलूप लावून ठेवली, पण दिली नाहीत. मुलांनी वडिलांकडून तो धसका घेतला आणि ‘वर्षाच्या आत’ हा त्यावरचा तोडगा मानला. पण जरा विचार करा. त्या दुरुस्तीने लायसन्स त्या तारखेला चालू आहे का, एवढंच पाहिलं. मुदत किती, हे नाही. अकरा महिन्यांच्या कागदाने तेव्हाही कोणाला वाचवलं नसतं.

आजच्या कायद्यात मालकाला वाचवणारी तरतूद आहे ती कलम २४. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि माणूस गेला नाही, तर नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागायची. नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरून आदेश निघतो. मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई. आणि या कलमाखाली लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. हे कलम मला फार मोलाचं वाटतं. मधल्या काळात मालक आणि भाडेकरू यांच्यातला जो विश्वास मोडला होता, तो पुन्हा जोडायचं काम त्याने केलं. पण त्याचं पूर्ण बळ नोंदवलेल्या कागदालाच मिळतं. नोंदणी नसेल, तर आधी अटी कोणत्या होत्या यावरच वाद रंगतो आणि झटपट निकालाची सोय हातची जाते.

आता पैशांचं बोलू, कारण नोटरीकडे लोक पैसे वाचवायलाच जातात. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते मुदतीतलं एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. भाडं वीस हजार, डिपॉझिट एक लाख धरा. अकरा महिन्यांसाठी शुल्क सुमारे ५७५ रुपये, फी धरून १,५७५. तेच तीनदा केलं तर ४,७०० च्या वर. त्याऐवजी एकदाच तेहतीस महिन्यांचा करार केला तर सुमारे १,७२० आणि हजार, म्हणजे २,७२०. एजंटची फी दरवेळी वेगळी. दरवर्षी पाच टक्के वाढ त्याच करारात लिहिता येते (शुल्क त्या प्रमाणात थोडं वाढेल) आणि दोन्ही बाजूंसाठी एका महिन्याच्या नोटिशीची अटही घालता येते. साठ महिन्यांपर्यंत करार करता येतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चांगला भाडेकरू मिळाला असेल तर अकरा महिन्यांचा हट्ट सोडा.

भाडं कागदावर आलं की कर भरावा लागेल, ही भीती पुष्कळांना असते. भाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते. घराची दुरुस्ती केली का, असं कोणी विचारत नाही. शिवाय बँकेत जमा होणारं भाडं लपत नाहीच.

या नोंदणीचा माणूस पारखायलाही उपयोग आहे. ऑनलाइन नोंदणीत दोन्ही पक्षांची आणि साक्षीदारांची ओळख आधारवरून, अंगठ्याने पटवली जाते. सगळ्या गोष्टींना हो म्हणणारा माणूस अंगठ्याच्या दिवशी टाळाटाळ करू लागला, तर किल्ली देऊ नका. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यायची ती वेगळी. तिने नोंदणीची गरज भागत नाही, आणि माहिती दिली म्हणजे माणसाची चौकशी झाली असंही नाही.

डोंबिवलीच्या वाचकांना एवढंच सांगतो. पाणी किंवा वीज तोडू नका; भाडेकरूचा आवश्यक पुरवठा तोडणं कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे आणि तुमची बाजू तिथेच लंगडी पडेल. बँकेचं पासबुक काढा. पहिल्या महिन्यापासून अठरा हजार जमा होत असतील, तर ‘बारा हजार’ आणि ‘मागाहून वाढवले’ ही दोन्ही वाक्यं त्या नोंदींपुढे टिकणार नाहीत. ठरवताना झालेले व्हॉट्सॲप निरोप पुसू नका. हे सगळं घेऊन भाडे कायद्याची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाकडे याच आठवड्यात जा.

आणि बाकीच्यांनी आपापला करार आज कपाटातून काढून बघावा. त्यावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा दस्त क्रमांक नसेल, तर पुढचं नूतनीकरण येईपर्यंत थांबू नका.