मोजणारे हात

१९८६ सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. नाशिकच्या ज्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत होतो, तिथल्या नोटीस बोर्डावर मी स्वतःच्या हाताने एक सूचना लिहून लावली. ‘विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीत मतदान व मतमोजणीच्या कामी मदत करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक-कक्षात नावे द्यावीत.’ शेजारीच उमेदवारी अर्जांची सूचना होती. चार दिवसांत उमेदवारीसाठी सतरा अर्ज आले. मदतीसाठी नावे आली दोन. चौकशी केली, तर ते दोघेही जी.एस.च्या, म्हणजे जनरल सेक्रेटरीच्या जागेसाठी उभ्या असलेल्या एका उमेदवाराच्या खोलीत राहणारे निघाले!

तुम्ही म्हणाल, कॉलेजची निवडणूक ती काय आणि तिला मुलांची मदत ती कशाला? प्राध्यापक आहेत, क्लार्क आहेत, शिपाई आहेत. आदल्या वर्षापर्यंत आम्हीही हेच म्हणत होतो. १९८५ साली आम्ही सात-आठ प्राध्यापकांनी दार लावून घेऊन मते मोजली होती. अकरा मतांच्या फरकाने निकाल लागला. मोजणी अगदी बरोबर होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण बंद दाराबाहेर ताटकळलेल्या दोन-तीनशे मुलांना ते कळावे कसे? सरांनी पेटी बदलली, अशी आवई रात्रीतून उठली. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या काचा फुटल्या आणि आमच्या एका शिपायाच्या कपाळाला तीन टाके पडले. त्या बिचाऱ्याने मतपेटीला हातसुद्धा लावला नव्हता.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, “राज्यशास्त्र शिकवता ना? मग पुढच्या वर्षीची निवडणूक तुम्हीच सांभाळा.”

मी वर्षभर विचार केला. शेवटी एवढेच ठरवले, की मते मुलांची आहेत, तर मोजणीच्या टेबलाशीही मुलेच बसतील. आम्ही फक्त देखरेख करू. सोपे वाटले होते. पण मुले मिळेनात.

मग वर्गावर्गात जाऊन आवाहन केले. सगळे वर्ग चिडीचूप. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षातला एक मुलगा तेवढा उठून स्पष्ट बोलला. “सर, उभं राहिलं तर नाव तरी होतं. मोजायला बसलं तर नुसती दुश्मनी होते. हरलेले शिव्या देतात आणि जिंकलेले ओळख देत नाहीत.” वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण त्याचे म्हणणे खरे होते.

त्यानंतर मी आवाहन करणे सोडले आणि एकेकाला गाठू लागलो. वाचनालय बंद होईपर्यंत बसणारे, एन.सी.सी.च्या परेडला न चुकता येणारे, ‘कमवा व शिका’ योजनेत काम करणारे, आणि सिन्नर, निफाड, दिंडोरीहून रोज एस.टी.ने येणाऱ्या मुली. कुठल्याच गटाने ज्यांच्या खांद्यावर हात टाकला नव्हता, अशी ही मुले. लोकशाहीवर व्याख्यान न देता प्रत्येकाला मी त्याचे काम एका वाक्यात सांगितले. “तू यादीत नाव शोधून खूण करायची.” “तू मतपत्रिकेच्या पाठीवर सही आहे की नाही ते पाहायचे.” “तू पेटीपाशी बसायचे आणि उठायचे नाही.” काम नेमके कळले की माणूस ‘हो’ म्हणायला तयार होतो, हे मला त्या आठवड्यात समजले. अठ्ठावीस जण जमले. त्यांत अकरा मुली होत्या.

निफाडकडची एक मुलगी मात्र अडून बसली. “काम करीन, सर. पण मोजणी लांबली आणि शेवटची गाडी चुकली तर?” मी तिच्या वडिलांना पोस्टकार्ड टाकले. उत्तर आले नाही.

मतदानाच्या आदल्या शनिवारी आम्ही सराव केला. सार्वत्रिक निवडणुकीत तेव्हा कागदी मतपत्रिका असत आणि त्यांवर बाणांच्या फुलीचा शिक्का मारला जाई. तो शिक्का तसाच का, हे मी मुलांना करून दाखवले. घडी घालताना शाई समोरच्या भागावर उमटली, तर ते चिन्ह उलटे दिसते. त्यामुळे मूळ ठसा कोणता आणि डाग कोणता हे ओळखता येते आणि मतदाराचे मत वाया जात नाही. एवढ्याशा शिक्क्यामागे कुणीतरी इतका विचार केला आहे, हे पाहून मुले थक्क झाली. मग आमचे नियम ठरले. प्रत्येकाने लिहून द्यायचे, की मी कुणाचा सूचक नाही आणि कुणाचा प्रचार केलेला नाही. आपल्या वर्गाच्या टेबलावर कुणी बसायचे नाही. कोण कुठल्या टेबलावर, हे मतदानाच्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, म्हणजे आदल्या रात्री कुणी कुणाला चहा पाजून उपयोग नाही. मोजणीत पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करायचे. शंकेची मते बाजूला ठेवायची आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर त्यांचा निर्णय करायचा. दार उघडे ठेवायचे.

मतदान शांतपणे पार पडले. संध्याकाळी मोजणी सुरू झाली. सात वाजता जी.एस.पदाचा आकडा लागला. एक उमेदवार दोन मतांनी पुढे होता. हा मुलगा निफाडच्याच गाडीने येणारा. बाहेर गुलालाच्या पुड्या फुटू लागल्या होत्या. तेवढ्यात ती मुलगी, आवाज थोडा कापरा, पण सर्वांना ऐकू जाईल असा, म्हणाली, “सर, माझ्या या गठ्ठ्यात चोवीसच आहेत.”

तो गठ्ठा त्याच मुलाचा होता. खोलीत कुणी बोलेना. मी सगळेच गठ्ठे पुन्हा मोजायला सांगितले. दुसऱ्या टेबलावर प्रतिस्पर्ध्याच्या एका गठ्ठ्यात पंचवीसऐवजी सत्तावीस मते निघाली. दोन मतांनी जिंकणारा मुलगा एका मताने हरला. दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून कागदावर सह्या केल्या. बाहेर आरडाओरडा झाला, रडारडही झाली, पण त्या रात्री दगड पडला नाही. हरलेल्याच्या प्रतिनिधीनेच बाहेर जाऊन आपल्या मुलांना सांगितले, “मोजलंय. माझ्यासमोर मोजलंय.”

आम्ही बाहेर आलो तेव्हा साडेआठ वाजले होते. फाटकापाशी धोतर-टोपीतले एक गृहस्थ बसले होते. हातात पिशवी, पिशवीत भाकरी. मुलीचे वडील! पोस्टकार्ड मिळाले होते, उत्तर लिहिण्यापेक्षा ते स्वतःच आले होते. मी उशिराबद्दल माफी मागू लागलो, तर म्हणाले, “त्यात काय, सर? आम्ही लासलगावला कांदा नेतो. भाव काय मिळंल ते आपल्या हातात नसतं. पण मापाड्याचा हात सरळ असला की माणूस पडत्या भावातबी निवांत घरी जातो. पोरीनं आज मापाड्याचं काम केलं म्हना की!”

राज्यशास्त्राची पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत. त्या रात्री फाटकापाशी ऐकले ते इतक्या सोप्या शब्दांत मला त्यांत सापडले नव्हते. भाव पडला तरी चालेल, माप सरळ हवे. हरलेल्या माणसाने निवांत घरी जावे, यासाठीच तर मोजणी असते. जिंकणारा काय, कशीही मोजणी मान्य करतो!

या कामाची किंमत मुलांना मोजावी लागली, हेही सांगितले पाहिजे. तो हरलेला मुलगा महिनाभर त्या गाडीत तिच्याशी एक शब्द बोलला नाही, असे मला नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळले. तिने स्वतः कधी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी मी नोटीस लावली, तेव्हा पहिले नाव तिचे होते.

त्या काळी या मुलांना विधानसभेसाठी मत देता येत नसे, कारण मतदानाचे वय एकवीस होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये ते अठरा झाले. म्हणजे आमच्या मुलांच्या आयुष्यातले पहिले मत कॉलेजातच पडत होते.

पण या निवडणुकांची दुसरी बाजूही होती आणि ती आईबापांनी पाहिली होती. राजकीय पक्षांचा पैसा, जीपगाड्या, हॉकी स्टिका. कॉलेजांचे प्रतिनिधी पुण्याला विद्यापीठाच्या निवडणुकीत मत द्यायचे, तेव्हा त्यांना आधीच ‘सहली’ला नेऊन ठेवल्याचे किस्से ऐकू येत. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि सारा महाराष्ट्र हादरला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद झाल्या. वर्गात पहिला येणारा विद्यार्थी हाच वर्गाचा प्रतिनिधी ठरला. पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खोटे कशाला बोलू, मीही टाकला.

आपण काय गमावले, ते कळायला मला बरीच वर्षे लागली. गुंडगिरी गेली हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर ते टेबलही गेले. गुणपत्रिकेवरून नेमलेल्या प्रतिनिधीसाठी यादी लागत नाही, पेटी लागत नाही आणि हात कापत असताना ‘चोवीसच आहेत’ म्हणणारी मुलगीही लागत नाही.

देशात इतरत्र या प्रश्नाचा वेगळा विचार झाला. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली शिफारशी केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या लागू केल्या. उमेदवाराला पाच हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करता येणार नाही, छापील पोस्टर नाही, हाताने केलेलेच लावायचे, पंचाहत्तर टक्के हजेरी हवी, सारी निवडणूक दहा दिवसांत उरकायची. वर्तमानपत्रांतून या अटींची पुष्कळ चर्चा झाली. मला त्यांतली एक छोटी तरतूद फार आवडली. निवडणुकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीत प्राध्यापक-अधिकाऱ्यांच्या बरोबरीने शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी असावेत, एक मुलगा आणि एक मुलगी. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तर निवडणुकीचा सगळा कारभार विद्यार्थ्यांचीच समिती पाहत आली आहे. तिथला मुख्य निवडणूक आयुक्तही विद्यार्थीच असतो.

महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली आणि २०१९ साली त्यांचे वेळापत्रक जाहीर झाले. मी नुकताच निवृत्त झालो होतो. जुन्या कॉलेजातून निरोप आला, “सर, तयारी करून द्याल का?” गेलो. समोर बसलेल्या तरुण प्राध्यापकांकडे पाहून माझ्या लक्षात आले, की यांच्यातल्या बहुतेकांनी विद्यार्थी म्हणूनही अशी निवडणूक पाहिलेली नाही. पंचवीस वर्षांची पोकळी होती ती! एकाने विचारले, “मोजणीसाठी बाहेरून एजन्सी बोलावता येईल का?”

मी म्हटले, “आधी मुले जमवू.” पुन्हा तेच केले. वाचनालय, एन.एस.एस., गाडीने येणाऱ्या मुली. या वेळी एक्केचाळीस जण जमले. सराव म्हणून कॅन्टीनसाठी मतदान घेतले. मिसळ तिखट हवी की मध्यम? प्रचार झाला, यादी झाली, पेटी सील झाली. मध्यमवाल्यांचा सहा मतांनी पराभव झाला आणि नाशिकची अब्रू राहिली. पण मोजणीत दोन शंकेची मते निघाली, तेव्हा त्यांवर मुले वीस मिनिटे इतक्या गंभीरपणे भांडली, की मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

काही दिवसांतच राज्यातल्या पूरस्थितीमुळे आणि येऊ घातलेल्या विधानसभा निवडणुकीमुळे या निवडणुका पुढे ढकलल्याचा आदेश आला. पुढच्या मार्चमध्ये करोना आला आणि कॉलेजेच बंद झाली. एक्केचाळीस नावांचा तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती मुले केव्हाच पदवी घेऊन पांगली.

२० मे २०२४ रोजी नाशिकला लोकसभेचे मतदान होते. आमच्या केंद्रावर यादीत माझे नाव शोधणाऱ्या शिक्षिकेचे बोट एका ओळीवर थांबले. तिने माझ्याकडे पाहिले, ओळखपत्राकडे पाहिले, पुन्हा यादीकडे पाहिले आणि मगच खूण केली. मागची रांग कुरकुरत होती. तिला घाई नव्हती. मला बरे वाटले.

म्हणून आईवडिलांना एक सांगणे आहे. कॉलेजच्या निवडणुका जेव्हा कधी होतील, तेव्हा तुमचा मुलगा ‘मी उभा राहतो’ म्हणाला, तर तुम्ही काळजी कराल, आणि ते साहजिक आहे. पण मुलगी घरी येऊन म्हणाली, की मला मोजणीच्या टेबलावर बोलावले आहे, घरी यायला उशीर होईल, तर तिला नाही म्हणू नका. फार तर भाकरी बांधून घ्या आणि फाटकापाशी जाऊन बसा.